खाडी, नदी, डोंगर : एकत्र निरीक्षणाच्या प्रकल्प नोंदी (नोव्हेंबर २०२५ ते मार्च २०२६)

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

आज पहिली मीटिंग झाली. फाईलवर नाव लांबलचक आहे, नैसर्गिक संसाधनांच्या स्थितीचं एकात्मिक प्रादेशिक निरीक्षण आणि मूल्यांकन. सरळ सांगायचं तर आपल्या मुंबई-ठाणे खाडीच्या भागातलं पाणी, जंगल, कांदळवन, माती, खाडी हे सगळं कसं चाललंय ते एकाच नकाशावर आणि एकाच पद्धतीने दरवर्षी बघता आलं पाहिजे. आत्ता झाडांचा आकडा वनखात्याकडे, विहिरींचा भूजलवाल्यांकडे, नदीच्या पाण्याचा प्रदूषण मंडळाकडे, तलावांचा पालिकेकडे, पावसाचा हवामान खात्याकडे. प्रत्येकाची मोजणी त्याच्या कामापुरती ठीक असते, पण खाडीत गाळ वाढला त्याचा डोंगरावरच्या उतारांशी काही संबंध आहे का असं कोणी विचारलं की उत्तर कुठल्याच एका टेबलावर सापडत नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो प्रदेश म्हणजे कुठून कुठपर्यंत यावर. एकाचं म्हणणं होतं पालिकेची हद्द धरा, सोपं पडेल. पण मुंबई जे पाणी पिते ते हद्दीच्या कितीतरी बाहेरून येतं. सातही तलाव मिळून १४,४७,३६३ दशलक्ष लिटर साठा, त्यातला जवळजवळ अर्धा एकट्या भातसाचा म्हणजे ७,१७,०३७, आणि शहराच्या पोटात असलेले विहार नि तुळशी दोन्ही मिळून जेमतेम अडीच टक्के. म्हणजे पिण्याच्या पाण्याचा हिशोब शहापूर-इगतपुरीकडे होतो आणि सांडपाण्याचा हिशोब माहीमला नि ठाणे खाडीत.

शेवटी दोन सीमा ठरवल्या. मुख्य सीमा पाणलोटाची, म्हणजे नॅशनल पार्कच्या डोंगरातून निघणाऱ्या दहिसर, पोयसर, ओशिवरा, विहार-पवईच्या सांडव्यातून निघून माहीमच्या खाडीला मिळणारी मिठी, आणि दोन्ही काठांसकट ठाणे खाडी. दुसरी सीमा धरणांच्या पाणलोटाची, तिथे आपण फक्त तलावाची पातळी आणि वनाच्छादन एवढंच बघणार. वॉर्डांच्या सीमा वरून एक वेगळा लेयर म्हणून ठेवायच्या, कारण शेवटी प्रश्न विचारायला नगरसेवकाकडे जायचं तर वॉर्ड लागतोच.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

डेटा गोळा करायला सुरुवात. इस्रोच्या भुवन पोर्टलवरून लँड यूजचे म्हणजे जमिनीच्या वापराचे लेयर, सेंटिनेल-२ या युरोपच्या सॅटेलाइटच्या प्रतिमा, अमेरिकेच्या लँडसॅटच्या जुन्या प्रतिमा, भारतीय सर्वेक्षण विभागाच्या टोपोशीट म्हणजे भूरूपाचे छापील नकाशे, इस्रोच्या कार्टोसॅटचा उंचीचा डेटा, आणि एका ऑफिसातून मिळालेली विहिरींची पीडीएफ जी वाकडी स्कॅन केलेली आहे आणि ज्यात ३ आणि ८ यातला फरक डोळ्यात तेल घालून बघावा लागतो. ती हाताने टाईप करायची जबाबदारी ताईंनी घेतली आहे, दोघांनी वेगवेगळी टाईप करून मग जुळवायची असं ठरलं.

आज दिवसभर मी एकाच गोष्टीवर होतो आणि ती इथे नीट लिहून ठेवतो, कारण पुढे कोणी नवीन माणूस आला तर त्याला हे पहिल्यांदा कळलं पाहिजे. नकाशाची मोजणी ज्या पायावरून धरतात त्याला डेटम म्हणतात. जुन्या टोपोशीट एव्हरेस्ट डेटमवर आहेत आणि सॅटेलाइट नि जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ या डेटमवर. रूपांतर न करता एकावर एक ठेवलं तर आपल्या भागात शंभर मीटरच्या आसपास सरक येते. राज्याच्या नकाशावर हे दिसणारही नाही, पण आपल्याकडे हायकोर्टाने २००५ मध्ये कांदळवन तोडायला बंदी घातली आणि २०१८ च्या निकालात ती पक्की केली, त्यात कांदळवनाभोवती ५० मीटरचा बफर म्हणजे राखीव पट्टा आहे. शंभर मीटर सरकलेल्या नकाशावर ५० मीटरचा बफर काढला तर तो थेट खाडीत तरी पडेल नाहीतर कोणाच्या तरी बिल्डिंगवर. म्हणून सगळे लेयर आधी यूटीएम झोन ४३ उत्तर या एकाच नकाशा-पद्धतीत आणायचे, जुन्या शीटवरचं देऊळ, पूल, रेल्वेचा फाटा असे न हललेले बिंदू घेऊन तपासायचे, आणि मगच पुढची कामं.

उंचीचंही तसंच. पालिकेच्या ड्रेनेजच्या नकाशांवर लेव्हल टाउन हॉल डेटमने असतात, सर्वेक्षण विभागाच्या उंच्या सरासरी समुद्रसपाटीपासून, आणि भरतीच्या तक्त्यातले मीटर चार्ट डेटमपासून. तिघांचं शून्य वेगवेगळ्या जागी आहे. आउटफॉलचं म्हणजे नाल्याचं पाणी समुद्रात सोडणारं तोंड भरतीला पाण्याखाली जातं का हे बघायचं तर तिघांना एका शून्यावर आणल्याशिवाय तो प्रश्नच विचारता येत नाही. प्रत्येक शीटवर शून्य कुठलं हा कॉलम कंपलसरी केला आहे. तो रिकामा असेल तर ती शीट घ्यायची नाही, डेटा कितीही चांगला असला तरी.

१२ नोव्हेंबर, बुधवार. कार्तिक वद्य अष्टमी

तारखेपुढे तिथी का लिहिली ते सांगतो, आणि इथून पुढे खाडीच्या प्रत्येक नोंदीत ती येणार आहे.

ठाणे खाडीत आपल्याला दोन गोष्टींचं क्षेत्रफळ दरवर्षी मोजायचंय, कांदळवन किती आणि ओहोटीला उघडा पडणारा चिखल किती. हा चिखल म्हणजे रोहितांचं म्हणजे फ्लेमिंगोंचं खाणं, निवट्या, चिंबोऱ्या, सगळं तिथेच. २०१५ मध्ये खाडीचा पश्चिमेचा भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये ठाणे खाडी रामसर यादीत आली, ते याच चिखलामुळे. आणि तो चिखल दिसतो फक्त पाणी उतरल्यावर.

आता कोकणातल्या कुठल्याही दर्यावर्दी माणसाला माहीत असलेला हिशोब, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पुनवेला नि अवसेला सव्वाअकरा-बारा. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. दुसऱ्या बाजूला सेंटिनेल-२ हा सॅटेलाइट सूर्याशी वेळ जुळवून फिरतो, मुंबईवरून कधीही गेला तरी सकाळी सव्वाअकराच्या आसपासच जातो. उन्हाळा असो, हिवाळा असो.

आता हे दोन्ही एकत्र मांडा. पुनवेला आणि अवसेला तो येतो तेव्हा खाडी उधाणाच्या भरतीने काठोकाठ भरलेली. अष्टमीला येतो तेव्हा पाणी उतरलेलं, पण ती भांगाची ओहोटी. भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासची, उधाणाच्या उलट, कमी चढ-उताराची भरती-ओहोटी, तेव्हा पाणी फार खाली जातच नाही. अपोलो बंदरच्या तक्त्यात भांगाच्या ओहोटीची सरासरी पातळी १.८६ मीटर आहे आणि उधाणाच्या ओहोटीची ०.७६. हा जो १.१ मीटरचा फरक आहे ना, इतक्या सपाट खाडीत तो म्हणजे चिखलाचा रुंद पट्टाच्या पट्टा. आणि उधाणाची ओहोटी नेहमी पहाटे-संध्याकाळी सहाच्या आसपास असते, तेव्हा हा सॅटेलाइट इथे नसतोच. म्हणजे ठाणे खाडीचा सगळ्यात खालचा चिखल या सॅटेलाइटने कधी बघितलेलाच नाही आणि बघणारही नाही, कितीही वर्षं फिरला तरी.

हे कळल्यावर जुने तुलनेचे नकाशे वेगळ्या नजरेने बघावे लागतात. एका वर्षीची प्रतिमा पुनवेची आणि पुढच्या वर्षीची अष्टमीची घेतली, तर काठावरची कोवळी तिवरं पहिल्या प्रतिमेत पाण्याखाली आणि दुसरीत बाहेर. एनडीव्हीआय म्हणजे प्रतिमेवरून हिरवाई मोजणारा आकडा काढला की कांदळवन वाढलं असं दिसणार. उलट क्रमाने घेतलं की तोड झाली असं दिसणार. जागेवर एक फांदीही हललेली नसेल तरी. ढग कमी आहेत म्हणून जी प्रतिमा चांगली दिसते ती उचलायची ही सवय सगळीकडे आहे, आणि खाडीच्या कामात तेवढं पुरत नाही.

नियम असा केला: खाडीसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारीतल्या फक्त सप्तमी, अष्टमी, नवमीच्या आसपासच्या प्रतिमा घ्यायच्या, प्रत्येकीवर त्या वेळेची पाण्याची पातळी लिहायची, आणि वर्षावर्षाची तुलना सारख्या पातळीच्या प्रतिमांचीच करायची. आत ऐरोलीकडे भरती-ओहोटी बंदरापेक्षा उशिरा पोहोचते, तो उशीर जागेवर मोजून घ्यायचा. तक्त्यातली वेळ जशीच्या तशी चिकटवायची नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

चिखलाच्या खालच्या पट्ट्यासाठी रडार हाच मार्ग. सेंटिनेल-१ हा रडारचा सॅटेलाइट पहाटे सहा-साडेसहा आणि संध्याकाळी साडेसहाच्या आसपास जातो, म्हणजे उधाणाच्या ओहोटीच्या वेळेला अगदी जुळणारा. वर पावसाळ्यातले ढगही त्याला अडवत नाहीत. अडचण एकच, पण मोठी. गुळगुळीत ओला चिखल रडारला जवळजवळ शांत पाण्यासारखाच काळा दिसतो. शिवाय २०२१ च्या डिसेंबरमध्ये जोडीतला १-बी बंद पडला, त्यामुळे मधल्या काळात प्रतिमा विरळ आहेत. म्हणून प्रत्यक्ष जाऊन पाण्याची कड जीपीएसवर घ्यायची, त्याच संध्याकाळी. परवानगीचा अर्ज दिलाय.

५ डिसेंबर, शुक्रवार. मार्गशीर्ष वद्य प्रतिपदा

काल दत्तजयंती, पौर्णिमा. आज उधाण. उद्या सहा डिसेंबर म्हणून दादरकडे दुपारपासूनच गर्दी होती, आम्ही हार्बरने वाशीला गेलो.

नाखव्यांशी तारीख ठरवताना आमच्यातला एकजण म्हणाला होता की सकाळी अकराला निघूया, उजेड चांगला असतो. ते म्हणाले, "पुनवेच्या अकराला चिखल कुठून दाखवू तुम्हाला, तेव्हा खाडी भरलेली असते. चारला या, पाणी ओढ घेईल तेव्हा निघू." तसंच केलं. मधल्या खोल पट्ट्यातून होडी नेली आणि दोन्ही बाजूंनी चिखल वर यायला लागला. आधी नुसती चकाकी, मग कडेला बारीक वळ्या, मग त्यावर निवट्या. पुढच्या दोन परांवर अंग ढकलत सरकतात आणि मध्येच उडी मारतात. जिथे निवट्या थांबल्या होत्या तिथपर्यंत चिखल घट्ट, त्यापुढे इतका पातळ की वल्हं टेकवलं तर तळ लागत नाही.

आता खरी कामाची गोष्ट. नाखव्यांनी जाळ्याचे जुने खुंट दाखवले. लाकडी, चिखलात खोल ठोकलेले, जाळं बांधायला. ते म्हणाले हे खुंट ठोकले तेव्हा भांगाच्या ओहोटीला याच्या बुडाशी पाणी असायचं, आता उधाणाच्या ओहोटीला कोरडे पडतात आणि भांगाच्या ओहोटीलासुद्धा बुडाशी चिखलच दिसतो. म्हणजे इथला तळ वर आलाय. मला हे ऐकून फार बरं वाटलं आणि वाईटही वाटलं, बरं यासाठी की गाळ किती साठतोय ते मोजायला आपल्याला जागेवर तयार खूण मिळाली, महागडं यंत्र लागणार नाही. परवानगी विचारून त्यातल्या काही खुंटांवर चिखलाच्या पातळीला स्टीलची पट्टी बसवली, जीपीएस घेतला, फोटो घेतला. दर सहा महिन्यांनी चिखल पट्टीच्या वर गेला की खाली हे मोजायचं.

अंधार पडेपर्यंत पाणी उतरतच होतं. बंदरच्या तक्त्याप्रमाणे पूर्ण ओहोटी होऊन गेली होती, इथे अजून ओढ चालू. उशीर नोंदवला. पाण्याची कड दोन्ही काठांनी चालू जीपीएसवर घेतली आहे, फाईल ड्राईव्हवर.

पक्षी मोजणाऱ्या ग्रुपलाही लिहिलं की तुमच्या शीटमध्ये तिथी आणि पाण्याची स्थिती टाका. भरती आली की रोहित चिखल सोडून भांडुप पंपिंगच्या बाजूला, नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळ जागांवर जाऊन बसतात. सकाळी खाडीत मोजले आणि दुपारी तलावावर मोजले तर तेच पक्षी दोनदा धरले जातात.

१५ डिसेंबर, सोमवार

विहिरी. मुंबईत विहिरी आहेत हेच कितीजणांना नवीन वाटतं. चर्चगेटची भिका बेहराम विहीर १७२५ ची आहे, समुद्र इतक्या जवळ असून गोड पाण्याची. आपल्याखाली बेसॉल्ट आहे, काळा पाषाण, त्यात पाणी वाळूसारखं सगळीकडे भरून राहत नाही, वरच्या मुरमाच्या थरात आणि खडकाच्या भेगांत राहतं. त्यामुळे एका विहिरीला पाणी आणि शेजारच्या आवारात कोरडं, असं होतं. केंद्रीय भूजल मंडळ वर्षातून चारदा पातळी घेतं, जानेवारी, उन्हाळा, ऑगस्ट, नोव्हेंबर. आम्ही नोव्हेंबर आणि मेची जोडी धरली आहे, पावसाने भरल्यानंतरची आणि पाऊस यायच्या आधीची.

कुर्ला, मुलुंड, कांजूरकडची गावठाणं फिरलो. ज्या विहिरींवर टँकरचा पंप आहे तिथली पातळी सकाळी पंप लावायच्या आधी घ्यायलाच हवी, दुपारी घेतली तर ती विहिरीची पातळी नसते, पंपाची असते. मिठागरांकडच्या एका विहिरीत वरवर बादली बुडवून पाणी काढलं तर मीटरवर बरं दिसलं, आणि बाटलीला वजन बांधून तळातून काढलं तर क्षारता कितीतरी जास्त. गोडं पाणी हलकं, वर तरंगतं. म्हणून नमुना वरून आणि तळातून असा दोन्ही घ्यायचा. ज्या आजी त्या विहिरीवर रोज येतात त्या म्हणाल्या की मे महिन्यात डाळ शिजत नाही या पाण्यात. तेही शीटवर लिहिलंय, शेऱ्याच्या कॉलममध्ये नाही, मुख्य कॉलममध्ये. पाणी जड आहे याची इतकी सरळ खूण दुसरी नाही.

२९ डिसेंबर, सोमवार

पीडीएफची दोन्ही टायपिंगं जुळवून झाली. ताईंनी फार चिकाटीने केलं. नोंद एवढीच.

९ जानेवारी २०२६, शुक्रवार. पौष वद्य षष्ठी-सप्तमी

मिठीचे नमुने. आरेकडून सुरुवात करून कुर्ल्याला, मग माहीम कॉजवेपर्यंत.

वरच्या भागात, जंगलाच्या कडेला, पाणी डोळ्यांनी चांगलं दिसतं, तळाचे दगड दिसतात. खाली येता येता नाले मिळत जातात आणि काय होतं ते लिहायची गरज नाही. आंघोळीलायक पाण्यासाठी बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन, लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आत आणि विरघळलेला ऑक्सिजन ५ च्या वर हवा अशी कसोटी आहे, खालच्या मिठीशी त्याची तुलना करणं हेच दुःखदायक आहे.

पण मोजणीत एक मोठी गफलत आधीपासून चालत आलेली दिसते. माहीमच्या टोकाला भरतीच्या वेळी बाटली भरली तर त्यात नदीपेक्षा समुद्र जास्त असतो, रिपोर्ट बरा येतो. ओहोटीच्या शेवटी भरली तर खरी नदी मिळते. जुन्या तक्त्यांत तारीख असते, वेळ नसते, त्यामुळे कुठला आकडा नदीचा नि कुठला समुद्राचा ते वेगळं करायला मार्ग नाही. आणि मग दोन महिन्यांत सुधारणा झाली असा निष्कर्ष त्यावरच निघतो! आम्ही प्रत्येक बाटलीसोबत क्षारता घेतोय, क्षारता जास्त असेल तर तो नमुना नदीच्या हिशोबात धरायचा नाही, खाडीच्या धरायचा. आता जुन्या आकड्यांपैकी ज्यांच्यासोबत क्षारता किंवा क्लोराईड आहे तेवढेच वाचवता येतील.

अजून एक. जुन्या काही रिपोर्टात बीओडी २० डिग्रीला ५ दिवसांची आहे, नंतरच्यांत २७ डिग्रीला ३ दिवसांची. दोन्ही जवळपास सारखी येतात म्हणून एका ओळीत लावली जातात. मी वेगळा कॉलम केलाय.

४ फेब्रुवारी, बुधवार

पाऊस नि तलाव. कुलाब्याची जून ते सप्टेंबर सरासरी सुमारे २,१०० मिलिमीटर, सांताक्रूझची सुमारे २,३००. सरासरीत फार फरक वाटत नाही. पण २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ आणि कुलाब्याला ७३ च्या आसपास. तेच शहर, तोच दिवस. त्या दिवशी फक्त कुलाब्याचं मापक असतं तर कागदावर तो साधा पावसाळी दिवस ठरला असता. म्हणून दर पाणलोटाला निदान एक मापक त्या पाणलोटाच्या आतलं हवं, हे आता लिखित. मिठीसाठी विहारकडचा पाऊस महत्त्वाचा, कुर्ल्याचा नंतर.

विहार तलाव १८६० चा, तुळशी १८७९ चा. पिण्याच्या पाण्यात त्यांचा वाटा अडीच टक्के म्हणून कोणी लक्ष देत नाही, पण त्यांचा पाणलोट जंगलाने राखलेला आहे आणि तिथून पाणी कधी सांडतं यावर मिठीचा पूर अवलंबून. आपल्या अहवालात त्यांना पाणीपुरवठ्याच्या नाही, नदीच्या प्रकरणात घातलंय.

१८ फेब्रुवारी, बुधवार

आज वाद झाला, चांगला वाद झाला. देणगीदारांकडून विचारणा आहे की शेवटी प्रत्येक विभागाला एक गुण द्या, शंभरपैकी. लोकांना कळतं, पेपरात छापता येतं. सरांचाही कल तिकडे होता. मी ठाम विरोधात आहे आणि कारण आजच तयार झालेल्या पहिल्या शीटमध्ये आहे, भांडुप ते ऐरोली पट्टा.

अष्टमीच्या प्रतिमांवरून, सारख्या पाण्याच्या पातळीला, कांदळवनाची खाडीकडची कड वर्षागणिक पाण्याच्या दिशेने पुढे सरकलेली दिसते. खरी वाढ आहे, सरकलेल्या नकाशाची नाही, भरतीचीही नाही. कांदळवन वाढलं म्हणजे हिरवा रंग, पूर्ण गुण. पण ती तिवरं उगवली कुठे? गाळ साठून वर आलेल्या चिखलावर. म्हणजे तेवढा उघडा चिखल गेला. रोहितांची खायची जागा गेली, निवट्यांची गेली, जाळ्याचे खुंट कोरडे पडले. तीच घटना, कांदळवनाच्या ओळीत चांगली, चिखलाच्या ओळीत वाईट, मासेमारीच्या ओळीत वाईट. बेरीज-भागाकार करून एक गुण काढला की तिघं एकमेकांना खाऊन टाकतात आणि उरतो साठ-पासष्ट असा आकडा, ज्यावरून कोणालाच काही कळत नाही. एकत्र निरीक्षण करायचं ते या ओळी एकमेकींशेजारी दिसाव्यात म्हणून, मिसळून टाकण्यासाठी नाही.

आणि गाळ आला कुठून हा प्रश्न तर आता कुठे विचारता येतोय. भराव, बांधकामाची माती, नाल्यांतला कचरा, पुलांच्या खांबांमागे मंदावलेला प्रवाह, वरच्या टोकाला खाडी अरुंद असल्यामुळे गाळ धुऊन नेणारं पाणी कमी, ही सगळी कारणं जमेला धरून बघायला लागतील.

ठरलं ते असं, प्रत्येक विषयाला तीन खाने: स्थिती काय, कल कुठे, आणि आपली खात्री किती. खात्रीच्या खान्यात कारण लिहायचं, नुसतं कमी-जास्त नाही. एक आकडा नाही. सर शेवटी म्हणाले, "ठीक आहे, पण मग पहिलं पान असं लिहा की माझ्या आईला कळलं पाहिजे." हे मान्य आहे, पूर्ण मान्य आहे.

६ मार्च, शुक्रवार

पहिलं पान लिहून झालं. वाशी गावात नाखव्यांना नि अजून काहीजणांना मोठ्याने वाचून दाखवलं. दोन वाक्यं त्यांनी बदलायला लावली. आम्ही लिहिलं होतं की मासेमारीवर परिणाम झाला, ते म्हणाले परिणाम म्हणजे काय ते लिहा, उधाणालाही होडी आत नेता येत नाही असं लिहा. तसं लिहिलं. एका बाईंनी विचारलं की हे कागद कोणाला देणार. वन खात्याचा कांदळवन कक्ष, पालिकेचा पर्जन्यजल विभाग, आणि एक प्रत इथे सोसायटीच्या ऑफिसात, मराठीत, नकाशासकट. तिन्ही एकाच दिवशी द्यायच्या असं सांगून आलोय.

राहिलेलं काम: रडारची कड आणि डिसेंबरची जीपीएसची कड जुळवून झाली, पश्चिम काठावर चांगली जुळते, पूर्वेला पातळ चिखलाच्या भागात नाही, तिथे खात्री कमी असं लिहून पुढे जायचं. माहीमचे जुने नमुने क्षारतेवरून वेगळे करणं चालू आहे. विहिरींची उन्हाळ्यातली फेरी मेच्या पहिल्या पंधरवड्यात, सकाळी पंपाआधी. खुंटांवरच्या पट्ट्या १६ मेच्या अमावास्येनंतरच्या दोन-तीन दिवसांत मोजायच्या, जूनपासून होड्या बंद राहतील म्हणून पुढे ढकलायचं नाही, नाखव्यांना संध्याकाळी चारची वेळ कळवली आहे.